सदतीस प्रश्नांचे दुःखद निधन

अकोला, अमरावती आणि आसपासच्या समस्त संगणकधारकांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, 'मोकळीक' नावाच्या लिनक्सच्या स्थापनेत विचारल्या जाणाऱ्या एकेचाळीस प्रश्नांपैकी सदतीस प्रश्नांचे गेल्या शनिवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पातूर येथे, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, निधन झाले. मृत्युसमयी खोलीतला पंखा चालू होता. त्यांच्या पश्चात चार प्रश्न असा परिवार आहे. त्यांचे जनक विलास हे एकोणीस दिवस आधीच पुढे गेल्यामुळे सांत्वनाला नेमकं कोणाकडे जायचं हा एक प्रश्न आहे. म्हणजे एकूण पाच झाले.

विलास, लेका, हसलास ना? हसलाच असशील. आणि लगेच कपाळाला आठी घालून म्हणाला असशील, "गज्या, कोन्ते सदतीस? मले यादी पाह्यजे."

यादी देतो. दम धर. आता तुला कुठे कॉलेजात तास घ्यायचा आहे!

तू कुठे जन्मलास, काय शिकलास, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. एका वक्त्यानं तुला 'मितभाषी' म्हटलं. मी मागच्या रांगेत होतो. मला असं काही हसू फुटलं की मान खाली घालावी लागली. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्यांना वाटलं मी रडतोय. दोन्ही चालू होतं. मितभाषी! ज्या माणसाचा संगणक सुरू होण्याआधी समोरच्याला एकेचाळीस गोष्टी विचारायचा, तो मितभाषी!

तू असतास तर इथे मला थांबवलं असतंस. आधी वाचणाऱ्याला समजावून सांग म्हणाला असतास. सांगतो. लिनक्स ही संगणक चालवणारी एक प्रणाली, कोणालाही फुकट घेता येणारी, उघडून पाहता येणारी, हवी तशी बदलता येणारी. जगभर लोक तिच्यात आपापल्या पसंतीचं सामान भरून आपापली लिनक्स बनवतात. तूही अमरावतीला तुझ्या वरच्या खोलीत एक बनवलीस आणि नाव ठेवलंस मोकळीक. ज्याला जे हवं ते त्यात घालता यावं, नको ते काढता यावं, जुन्यातला जुना संगणकही पळावा. पळायचाही! माझ्या अकोल्याच्या दुकानात लोकांनी टाकून दिलेली यंत्रं तिच्यामुळे अशी उठून बसायची की गिऱ्हाईक मला डॉक्टर म्हणायचं. अडचण एकच होती. ही मोकळीक यंत्रावर चढवताना ती माणसाला मोकळं सोडत नसे. डिस्कचे भाग किती? फाइलींची रचना कोणती? मेमरी कमी पडली तर उसनी जागा किती ठेवू? वीज गेली तर काय करू? अक्षर केवढं? एकेचाळीस! पंधराव्या प्रश्नाला लोक पाणी प्यायला उठत आणि परत येत नसत.

आपलं भांडण हेच. सात वर्षं चाललं आणि एकदाही शिळं झालं नाही. तू बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला यायचास, पिशवीत माझ्यासाठी गिला वडा. तो दह्यातला वडा एवढ्या प्रवासात पार विरघळलेला असायचा. तो आपण चमच्यानं पीत पीत भांडायचो.

"तीन प्रश्न ठेव," मी म्हणायचो. "नाव, पासवर्ड, अन् चालू करू का. बस."

"तू मानसाले आंधळा करून राह्यला, गज्या."

"अन् तू त्याले पळवून लावून राह्यला."

"त्याच्या मशीनमंदी काय चाललं हे त्याले समजाले नको?"

"अबे, त्याले बिजलीचं बिल भराचं हाये ऑनलाइन. त्याले तुह्या फाइलींच्या रचनेचं काय लोणचं घालाचं हाये?"

मग तू चष्मा पुसायला घ्यायचास. चष्मा पुसणं म्हणजे तुझा विषय संपलेला नाही, फक्त विश्रांती आहे.

आणि तुझा तो नियम! दुसऱ्याच्या यंत्रावर तू कधीच स्वतः लिनक्स टाकली नाहीस. ज्याचं यंत्र त्यानंच टाकायची. तू मागे उभा राहायचास, हात पाठीमागे बांधून, लग्नात अक्षता टाकून झालेल्या पाहुण्यासारखा. कितीही चुकलं तरी कीबोर्डला बोट लावायचं नाही. मी एकदा न राहवून मध्ये हात घातला तर तू माझ्या हातावर चापट मारलीस, आणि ती सुद्धा माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकासमोर.

बार्शीटाकळीचे रोडगे आठवतात? माझ्या चुलतभावाच्या वावरात जेवण होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, आणि ते सगळं पेलणारा शालिक आचारी. आपण सकाळीच पोचलो होतो. शालिककाकांनी चुलतभावाला दोनच गोष्टी विचारल्या: मानसं किती, अन् पंगत कोन्त्या वक्ती? झालं. उठले आणि कामाला लागले. मी उडालोच! तुझा हात धरून म्हणालो, "पाह्य, हा तुह्यापेक्षा हुशार हाये. दोनशे मानसाचा स्वयंपाक, अन् दोन प्रश्न!"

तू गप्प बसणारा थोडाच. तू थेट चुलीपाशी गेलास.

"काका, तिखट किती टाकू हे तुमी काहून नाही इचारत?"

शालिककाका वांगी चिरता चिरता म्हणाले, "इचारलं तं मानूस घाबरते, बावा. तो म्हनते, मले काय मालूम. मी माह्या अंदाजानं टाकतो. ज्याले कमी पाह्यजे तो येते माह्यापाशी, त्याची येगळी काढून देतो."

मी टाळी वाजवली. खरोखर वाजवली. वावरातल्या चिमण्या उडाल्या.

पण तू हलला नाहीस. "अन् एखाद्याले लसूणच चालत नसंल तं?"

"ते मातर फोडनीच्या आधी इचारतो," काका म्हणाले. "जे टाकल्यावर काढता येत नाही, ते आधी इचारून घेतो."

आता तू टाळी वाजवलीस! दोन शहाणे, एक आचारी, आणि दोघंही जिंकलेले. मी पहिलं वाक्य घेऊन घरी आलो, तू दुसरं घेऊन. परतीच्या एसटीत आपण इतके तावातावानं बोलत होतो की कंडक्टरनं विचारलं, जमिनीचा वाद आहे का?

माझ्या पापाचाही उल्लेख झालाच पाहिजे, नाहीतर तू वरून आवाज देशील. मी तुझ्या पाठीमागे, तुला न विचारता, माझी तीन प्रश्नांची मोकळीक बनवली. ओळी वाचल्यासुद्धा नाहीत, फक्त कापल्या, गाजरगवत उपटावं तशा. त्यात 'या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुसू का?' हाही प्रश्न गेला. आणि ती पहिल्यांदा चढवली कुठे? तुझ्याच घरी, मंदावहिनींच्या संगणकावर! तू कॉलेजात गेला होतास. वहिनींनी कौतुकानं पोहे केले. मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, 'चालू करू का'ला हो म्हटलं, आणि दहा मिनिटांत लखलखीत यंत्र तयार. वहिनी म्हणाल्या, "वा भाऊजी! अन् आमच्या मंडळाची नाटिका कुठं गेली?"

नाटिका गेली होती. महिला मंडळाची, तीन आठवड्यांवर प्रयोग आलेली, दुसरी प्रत नसलेली नाटिका.

पुढचं वऱ्हाडी रंगभूमीच्या इतिहासात जमा आहे. प्रत्येकीनं आपापले संवाद आठवून लिहून दिले, आणि आठवणीत प्रत्येकीचे संवाद वाढले. सासूचं काम दोन वाक्यांचं होतं, ते दोन पानांचं झालं. पोस्टमनचं काम करणारी बाई शेवटी एक भाषण करूनच आत गेली. प्रयोग एक तास लांबला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. सगळे हसले, वहिनीसुद्धा. तू नाही हसलास. अंधारात माझ्या कानाशी येऊन एकच शब्द म्हणालास, "पाह्यलं?"

मी चूक कबूल केली नाही, विलास. मी म्हणालो, "नाटक तं झकास झालं." ती कबुली राहूनच गेली. आपलं शेवटचं फोनवरचं बोलणंही तेच: मी तीनवर, तू एकेचाळीसवर. तू फोन आपटलास. मीही म्हटलं, रविवारी येईलच वडा घेऊन. आणि तू त्याआधीच, सोमवारी गेलास.

आठव्या दिवशी पातूरहून रेखाताईंचा फोन आला. वाचनालय सांभाळणाऱ्या रेखाताई, ज्यांना तू कबूल केलं होतंस की या महिन्यात येतो आणि तुमचे अकरा संगणक तुमच्याकडूनच उभे करून घेतो. एका कचेरीनं देऊन टाकलेली ती जुनी यंत्रं. त्यांच्यावर नवी विकतची प्रणाली चालत नाही आणि जुनी तर आता उघडतसुद्धा नव्हती.

"भाऊ, बोलू का नको असं झालं होतं," त्या म्हणाल्या. "पन अध्यक्षसाहेबांनी ठरवलं. पुढच्या शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन राह्यला. चालू दिसले तं ठेवू म्हनते, नाही तं खोली खुर्च्या ठेवाले पाह्यजे. पोरी इथंच परीक्षेचे फारम भरतात हो. सरांनी दिलेला पेनड्राइव्ह लावून पाह्यला मी. बाराव्या प्रश्नावर अडकली."

अकरा यंत्रांवर मी एका दिवसात मोकळीक सहज चढवून दिली असती, ते काही अवघड नव्हतं. पण मी परत आल्यावर एखादं बिघडलं तर? पुढच्या महिन्यात? पुढच्या वर्षी? तुझ्याशिवाय जी चढवता येत नाही ती मोकळीक तुझ्याबरोबरच गेली म्हणायची. रेखाताईंना एकटीनं जमलं तर ती जगेल. नाही जमलं तर तिलाही टेम्पोत घालायचं. इतकं साधं आणि इतकं भयंकर होतं ते.

तेरवी झाल्यावर वहिनींनी तुझा लॅपटॉप माझ्या हाती दिला. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "पुसू नका म्हंजे झालं."

अकोल्याच्या उन्हात, कूलरसमोर, दुपारी मी तुझी ती स्थापनेची फाइल उघडली. कात्री पाजळूनच बसलो होतो. आणि विलास, तू काय करून ठेवलं होतंस रे हे! त्या नाटिकेच्या प्रकारानंतर तू प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर टीप लिहून ठेवली होतीस. संगणक ज्या ओळींकडे ढुंकूनही पाहत नाही, फक्त माणसानं वाचायच्या, तसल्या ओळी. मला वाटलं होतं तिथे तुझी विद्वत्ता असेल. तिथे माणसं होती!

'वीज गेली तर काय करू' याच्या वर: 'भातकुलीच्या शाळेत मधेच वीज गेली, मुलांचं दिवसभराचं काम गेलं. एक मुलगी रडली.' 'अक्षर केवढं' याच्या वर: 'पेन्शनवाले काका पडद्याला नाक लावून वाचत होते, लाजेनं बोलले नाहीत.' 'आवाज सुरू ठेवू का' याच्या वर: 'दवाखान्यातलं यंत्र सुरू होताना ठणाणा वाजलं, बाळ दचकलं.' एकेचाळीसच्या एकेचाळीस! प्रत्येक प्रश्नामागे कोणीतरी एकदा अडलेलं, आणि तू हात मागे बांधून ते पाहत उभा. आणि डिस्क पुसण्याच्या प्रश्नावर, ठळक: 'वहिनीची नाटिका. गज्याच्या हाती ही फाइल पडल्यास हा प्रश्न लपवून ठेवावा.' बायकोचा उल्लेखसुद्धा 'वहिनी' असा, म्हणजे ही टीप कोणासाठी लिहिली ते कळलं.

मी कूलर बंद केला. त्याच्या आवाजात नीट हसता येत नव्हतं, नीट रडताही येत नव्हतं.

मग मला ते दिसलं, आणि मी खुर्चीवरून असा उठलो की चहा सांडला. अरे, तुझ्या टिपांमध्ये प्रश्न नव्हतेच, उत्तरं होती! भातकुलीत वीज जाते, तर पातूरला जात नाही का? मूर्तिजापूरला जात नाही का? मग विचारायचं कशाला? सगळीकडे वीज जाते असं धरूनच चालायचं! दर थोड्या वेळानं काम आपोआप साठवायचं. अक्षर मोठंच ठेवायचं, ज्याला लहान हवं तो करेल. आवाज बंद. शालिककाकांचं तिखट, त्यांच्या अंदाजानं! मी एकही प्रश्न उपटला नाही, विलास. तुझ्या टिपेतलं उत्तर प्रश्नाच्या जागी बसवत गेलो, एकेक करून, सदतीस वेळा. आणि शेवटी 'बदल' नावाचं एक दार ठेवलं, त्यातून आत गेलं की सगळं सापडतं, ज्याला हवं त्यानं बदलावं. तुझी मोकळीक तसूभरही कमी केली नाही. फक्त दाराशी अडवणूक नाही.

उरले चार. नाव. पासवर्ड. डिस्क पुसू का. आणि तुझा एकेचाळिसावा: 'काही विचारायचं राहिलं का?' त्याला हो म्हटलं की तुझा फोन नंबर यायचा. सात वर्षांत मी तो कधी वाचलाच नव्हता, न पाहताच 'नाही' दाबायचो! नंबर बदलून माझ्या दुकानाचा टाकला. एवढं एकच काम करायला मला अख्खी दुपार लागली.

शनिवारी पातूर. मंदावहिनी अमरावतीहून पहाटेच निघून आल्या होत्या, म्हणाल्या, मलाही पाहायचंय. बाहेर टेम्पो उभा. अध्यक्षसाहेब दारात, मनगटावरचं घड्याळ पुन्हा पुन्हा फिरवत. रेखाताई पहिल्या यंत्रासमोर बसल्या, पदर खोचून. मी मागे, हात पाठीमागे बांधून. लेका, किती कठीण आहे रे ते! बोटं अशी शिवशिवत होती की वहिनींनी माझं मनगट धरून ठेवलं.

नाव टाकलं. पासवर्ड टाकला. मग पडद्यावर आलं: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुसू का?

रेखाताई थांबल्या. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"दाबा नं हो लवकर," अध्यक्षसाहेब म्हणाले.

माझ्याही ओठावर तेच आलं होतं, विलास. खरं सांगतो. दाबा, दाबा, काय असणार त्या डब्यात!

"थांबा," रेखाताई म्हणाल्या. "ह्या मशीनमंदी सभासदांची यादी हाये. अन् कोन्तं पुस्तक कोनाकडं गेलं, सारं. मशीन उघडेना तवापासून मी गेलीच समजून राह्यली होती. हे पुसू का म्हनते, म्हंजे आतमंदी अजून हाये नं, भाऊ?"

आहे, मी मानेनंच सांगितलं. त्यांनी 'नाही' निवडलं, पडद्यावर 'आधी काढून घ्या' असं आलं तिथे गेल्या, यादी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, आणि मग, सावकाश, पुन्हा मागे येऊन 'हो' म्हटलं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या पडद्याकडेच पाहत म्हणाल्या, "नाटिका वाचली असती, भाऊजी." मी म्हणालो, "हो वहिनी. चूक माझीच होती." तुला म्हणायचं होतं ते त्यांना म्हणालो. पोचलं असेल.

पट्टी सरकत गेली. चाळीस टक्के, सत्तर, नव्वद. अध्यक्षसाहेब नकळत आत येऊन उभे राहिले. टेम्पोवालाही आला. मग पडदा निळसर उजळला, मोठ्या ठसठशीत मराठी अक्षरांत रेखाताईंचं नाव उमटलं, खाली वाचनालयाचं. कसलाही ठणाणा नाही. काही विचारायचं राहिलं का, असं खाली हळूच आलं.

रेखाताईंनी माउस हलवला. बाण हलला. त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "बाप्पा, झालं बी? मंग सर इतके साल आमाले येवढं काय इचारून राह्यले होते!"